ओला माणूस महाग पडतो: बर्गनमध्ये कमी पैशांत उतरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचा २६ वर्षांचा मुलगा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्लोहून रेल्वेने नॉर्वेतल्या बर्गनला जाणार आहे. गाडी रात्री साडेदहानंतर पोहोचते. मुक्काम चार रात्री, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये एक खाट. राहणं-खाणं धरून रोजचे साडेपाच हजार रुपये. शाकाहारी, अंडं चालतं. सॅकमध्ये एक पॉन्चो, एक घडीची छत्री, दोन जीन्स. आणि शेवटी हे वाक्य: "गगनबावड्याचा पाऊस बघितलेला माणूस आहे मी, पावसाचं टेन्शन नाही. पहिल्या दिवशी काय काय बघू तेवढं सांगा."

पहिल्या रात्री काहीही बघू नका. कोरडे राहून हॉस्टेलात पोहोचा, बास. चार दिवसांचं तुमचं बजेट टिकणार की नाही हे त्या पहिल्या दोन-तीन तासांत ठरतं.

हे ठामपणे सांगतोय, कारण मी बर्गनला शिकायला होतो आणि अडीच वर्षं एका हॉस्टेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी केली. (तेव्हा युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही तिथल्या सरकारी विद्यापीठात फी नव्हती. २०२३पासून ती लागू झाली, त्यामुळे ती वाट आता तितकी सोपी नाही.) रात्री अकराला दार ढकलून आत येणाऱ्या माणसाच्या पॅंटकडे बघून मला कळायचं, की हा उद्या किती पैसे उडवणार. गुडघ्यापर्यंत ओला असेल तर सकाळी तो गरम काहीतरी प्यायला कॅफेत बसणार, दुपारी कुडकुडत पर्यटकांच्या दुकानातून जॅकेट घेणार आणि संध्याकाळी दहा मिनिटांच्या अंतराला टॅक्सी करणार. कंजूस म्हणून नावाजलेली माणसं मी तिथे हजार हजार क्रोन एका दुपारी घालवताना पाहिली आहेत. ओल्या माणसाला हिशेब सुचत नाही.

मी स्वतः वेगळा नव्हतो. माझ्या पहिल्या संध्याकाळी जीन्स, कॅनव्हासचे बूट आणि दादरहून घेतलेली छत्री असा थाट होता. स्टेशनपासून खोली दहा मिनिटांवर. पहिल्याच चौकात छत्री उलटली, मोबाइलच्या काचेवर पाणी पडल्यामुळे बोट फिरवलं तरी नकाशा हलेना, आणि दहाची चाळीस मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी नऊशे क्रोनांचं जॅकेट घेतलं. क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये धरा आणि करा गुणाकार. वर ते जॅकेट खांद्यावर गळायचं.

आता गगनबावड्याबद्दल. आकड्यांत तुम्ही जिंकता. बर्गनला वर्षाला साधारण २,२०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईइतकाच. गगनबावड्याच्या निम्माही नाही. पण मुंबई तो पाऊस चार महिन्यांत उरकते. बर्गनला तो बारा महिने, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस, हप्त्याहप्त्याने पडत असतो. २००६च्या ऑक्टोबर अखेरीला सुरू झालेली झड तिथे ८५ दिवस एकही दिवस न चुकता चालली होती. ती हकीकत म्हातारी माणसं अजून थोड्या अभिमानानेच सांगतात. कारण आपल्या घाटमाथ्यासारखंच आहे. अटलांटिकवरून नैर्ऋत्येचा ओला वारा येतो, शहराभोवती सात डोंगरांचं कडं आहे, ढग त्याला अडतात आणि रिकामे होतात. सह्याद्री पाहिलेल्याला हे वेगळं शिकवायला नको.

फरक थंडीचा आहे. आपल्याकडे जुलैत भिजलं तर हवा वीस-बावीस अंशांची असते. भिजून गडावरून खाली यायचं, कांदाभजी खायची, कपडे अंगावरच वाळतात. बर्गनला ऑक्टोबरात सरासरी आठ-नऊ अंश, सोबत वारा आणि पाऊस आडवा. तिथे अंगावर काही वाळत नाही. त्या हवेत ओली जीन्स घालून तासभर फिरलात, की हुडहुडी भरते आणि मग डोकं चालेनासं होतं. आपल्याला पाऊस माहीत आहे, गार पाऊस माहीत नाही. मराठी मुलांची सगळी चूक इथेच होते.

तेव्हा सामान बदला. जीन्स दोन्ही घरी ठेवा. सुती कापड एकदा भिजलं की दीड दिवस ओलं राहतं, आणि वजन किती वाढतं ते सांगत नाही. त्याऐवजी पटकन वाळणारी ट्रेकिंगची पॅंट, तिच्यावर चढवायची पाणी न शिरणारी पातळ पॅंट, आणि टोपी नीट आवळता येणारं जॅकेट. सगळे जॅकेटवर खर्च करतात आणि खालची पॅंट विसरतात. पाऊस आडवा असला की मांड्या आधी भिजतात. पॉन्चो वाऱ्यात पतंगासारखा उडतो, तो राहू द्या. छत्रीही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी बर्गनमधल्या कचऱ्याच्या डब्यांतून छत्र्यांच्या काड्या वर आलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा पाहुण्यांच्या असतात.

अंगाला लागून लोकर हवी. नॉर्वेची माणसं आत लोकरीचा पातळ थर घालतात, कारण लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. हे शास्त्र आपल्याला नवं नाही. धनगर भर पावसात डोक्यावरून घोंगडी घेऊन उभा असतो तो काही उगाच नाही. एक लोकरी बनियन आणि दोन जोड लोकरी मोजे, एवढंच पुरे. इथे महाग वाटत असेल तर मोजे तरी घ्याच. तिथे गेल्यावर काही कमी पडलं, तर पर्यटकांच्या गल्लीत न जाता 'फ्रेटेक्स' शोधा. साल्व्हेशन आर्मीची जुन्या कपड्यांची दुकानं आहेत ही. स्वेटर, टोपी, कधी नशिबाने रेनकोटही मिळतो. जुने कपडे घ्यायचा संकोच नॉर्वेत कोणालाच नाही, तुम्हीही ठेवू नका.

सॅकला वरून घालायचं कव्हर असतं त्यावर विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी तिथून झिरपतं. सॅकच्या आत एक जाड, मोठी कचऱ्याची पिशवी घाला, सामान त्यात भरा, तोंड पिळून दुमडा. पासपोर्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत. रात्री एकला हॉस्टेलच्या हेअर ड्रायरने पासपोर्ट वाळवणारी माणसं मी पाहिली आहेत. टोस्टरवर मोजे ठेवणाराही एक होता. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका, सकाळी पाव मात्र कोणी भाजले नाहीत.

आता गाडीतून उतरण्याबद्दल. ऑस्लो ते बर्गन साधारण सात तास लागतात. ही लाइन १९०९ची आहे आणि वाटेत फिन्सा हे स्टेशन १,२२२ मीटरवर आहे. तिथे ऑक्टोबरात बर्फ दिसू शकतं, पण तुमच्या गाडीतून ते दिसणार नाही; सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळेल आणि फिन्सा त्यानंतर काळोखात येईल. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट होतं. खरं तर दुपारी पोहोचणारी गाडी परवडत असेल तर तीच घ्या. नसेल तर एक गोष्ट आजच करा: हॉस्टेलला लिहून विचारा, की रिसेप्शन रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. बऱ्याच ठिकाणी ते रात्री बंद होतं आणि दाराचा कोड ईमेलने येतो. तो ईमेल स्पॅममध्ये गेलाय आणि माणूस बाहेर पावसात उभा आहे, हे दृश्य मला आठवड्याला एकदा तरी दिसायचं.

त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी विचारा. चादर-उशीचे अभ्रे भाड्यात धरलेत का? नॉर्वेत अनेक हॉस्टेलांत ते वेगळे असतात, आणि स्वतःची स्लीपिंग बॅग चालत नाही. दुसरी आणि जास्त महत्त्वाची: 'टोर्करोम' आहे का? म्हणजे कपडे वाळवायची खोली. गरम हवा सोडलेली, दोऱ्या बांधलेली, ओल्या बुटांचा वास मारणारी ती खोली बर्गनमध्ये नाश्त्यापेक्षा मोलाची आहे. दोन हॉस्टेलांत पन्नास क्रोनांचा फरक असेल आणि महागात टोर्करोम असेल, तर डोळे मिटून महाग घ्या. नसेल तर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. खोलीतल्या विजेच्या हीटरवर कपडे टाकू नका. त्यावर 'मो इक्के टिल्डेक्केस', म्हणजे झाकू नये, असं लिहिलेलंच असतं, कारण आग लागते.

बर्गनचं स्टेशन दगडी आहे आणि वर काचेचं छत. गाडीतून उतरलात की घाईने बाहेर पळू नका. त्या छताखाली उभं राहून सॅक उघडा, वरची पॅंट चढवा, जॅकेटची टोपी आवळा, हॉस्टेलपर्यंतची वळणं कागदावर पेनने उतरवून घ्या. मोबाइल खिशात. लोक बघतील का? तिथे प्रत्येकजण हेच करतो. मग मार्केन नावाच्या चालायच्या गल्लीतून मध्यवस्तीत उतरा. फरशी घासून गुळगुळीत झालेल्या दगडांची आहे आणि शेवाळलेल्या पायरीसारखी निसरडी, पाय जपून टाका. बहुतेक हॉस्टेलं इथून वीस मिनिटांच्या आत आहेत. टॅक्सीचा विचार मनात आला, तर आपल्या दिवसभराच्या जेवणाचे पैसे आठवा.

जे कोणी विमानाने जाणार असतील त्यांच्यासाठी: फ्लेसलाँ विमानतळावरून 'बीबानन' नावाची ट्राम थेट शहराच्या मधोमध सोडते, पाऊण तासात, साध्या शहरी तिकिटावर. खास विमानतळाची बस जरा लवकर पोहोचवते आणि तिकिटाला कितीतरी पट घेते. ट्रामचं तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनवर किंवा ॲपवर काढायचं असतं. आत तपासनीस येतात आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर त्यांनी फार वेळा ऐकलेलं असतं. त्या ट्रामची एक गोड गोष्ट म्हणजे प्रत्येक थांब्याला स्वतःची वेगळी धून आहे. काही दिवसांनी डोळे मिटूनही कळतं कुठे आलो.

रोख पैसे नेऊ नका. पाव घ्या, शौचालय वापरा, सगळीकडे कार्डच. तिथले लोक 'व्हिप्स' हे पैसे देण्याचं मोबाइल ॲप वापरतात, पण ते आपल्याला मिळत नाही. आपलं फॉरेक्स कार्ड पुरतं. दोन कार्डं दोन वेगळ्या खिशांत ठेवा.

आता साडेपाच हजारांचं गणित. सुमारे साडेसहाशे क्रोन झाले. ऑक्टोबरात डॉर्मची खाट चारशे-साडेचारशेला पडेल असं धरा. उरले दोनशे. दोनशेत माणूस नीट जेवू शकतो, अट एकच: स्वयंपाकघर वापरायचं. रेमा १०००, किवी, कूप एक्स्ट्रा ही स्वस्त दुकानं. किवीत 'फर्स्ट प्राइस' हा शिक्का असलेला माल बघा. जाड गव्हाळ 'क्नाइप' पाव, अंडी, राजमा-मसूर डबाबंद, आणि तपकिरी रंगाचं ब्रूनुस्त चीज, ज्याची चव मला पहिल्या दिवशी करपलेल्या खव्यासारखी लागली आणि तिसऱ्या दिवसापासून आवडायला लागली. घरून खिचडीचं साहित्य आणि मेतकूट न्या. पावसातून येऊन गरम खिचडीवर मेतकूट घेतलं की कॅफेचे पन्नास क्रोन वाचतात आणि खोलीतले बाकीचे पाच जण विचारतात हा वास कसला. थर्मास नक्की न्या. सकाळी हॉस्टेलातून गरम चहा भरून निघालात तर दिवसभर कॅफेच्या दारात पाय रेंगाळत नाही. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटली विकत घेऊ नका. एक पैसा चैनीला ठेवायचाच असेल तर 'शिलिंग्सबोले' खा, बर्गनचा दालचिनीचा गोल पाव.

रविवारी मोठी दुकानं बंद असतात. शंभर चौरस मीटरच्या आतल्या छोट्या दुकानांना तेवढी मुभा आहे, आणि तिथे भाव चढे. शनिवारी दुपारीच सामान भरा. बिअर घ्यायची असेल तर दुकानात शनिवारी सहानंतर मिळत नाही, इतर दिवशी आठनंतर. रविवारी मुळीच नाही.

बघायचं काय, हे तुम्ही विचारलं होतं. उत्तर पावसाच्या हिशेबाने लावा. तिथल्या हवामान खात्याचं आणि सरकारी वाहिनीचं मिळून 'यर' नावाचं ॲप आहे (नॉर्वेजियनमध्ये त्या शब्दाचा अर्थच भुरभुर पाऊस). त्यात दिवसाचं चिन्ह बघू नका, ते बहुतेक रोज ढग आणि थेंबच असणार. तासातासाचं कोष्टक बघा. बर्गनचा पाऊस सतत असला तरी सलग नसतो. दोन तासांची उघडीप मिळते, आणि ती ओळखून बाहेर पडणारा माणूस जिंकतो.

उघडीप दिसली की शहराला लागून असलेल्या फ्लॉयन डोंगरावर चालत जा. १९१८पासून एक फ्युनिक्युलर रेल्वे (दोरखंडाने चढावर ओढली जाणारी) तिथे ३२० मीटर उंचीवर नेते, तिच्यासाठी रांग लागते आणि पैसे लागतात. पायवाट फुकट आहे, वळणावळणाची, चांगली बांधलेली, पाऊण-एक तासाची. राधानगरीच्या जंगलात फिरलेल्याला ती काहीच वाटणार नाही. पण निघण्याआधी खालून वर बघा. डोंगराचा माथा ढगात असेल तर वरून शहर दिसणार नाही. एवढी साधी गोष्ट न बघता लोक तिकीट काढतात आणि वर जाऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून येतात. पाय शिवशिवत असतील आणि दगड कोरडे असतील तर उल्रिकन डोंगराची 'ओप्स्टेम्टेन' वाट आहे. तिथल्या १,३३३ दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. पावसात मात्र तिच्या वाटेला जाऊ नका, उतरताना घसरगुंडी होते.

पाऊस लागला असेल तेव्हा ब्रिग्गेन. धक्क्यावरची ती लाकडी, एकमेकींना टेकून उभी असलेली घरं १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहेत. १४व्या शतकात हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी थाटली. उत्तरेतून येणारे सुकवलेले कॉड मासे घ्यायचे आणि धान्य द्यायचं, हा धंदा. आत्ताची घरं १७०२च्या आगीनंतर जुन्या पद्धतीने पुन्हा बांधलेली. लोक समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्ही दोन घरांमधल्या लाकडी बोळात शिरा. वर छज्जे एकमेकांवर आलेले, पाऊस फारसा लागत नाही, डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो. आगीच्या भीतीने या घरांत विस्तव पेटवायला बंदी होती. शिकाऊ पोरं बर्गनचा अख्खा हिवाळा शेकोटीशिवाय काढायची. ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते फक्त मागच्या बाजूच्या 'शोट्स्टुएने' नावाच्या सामायिक घरांत. ती आता संग्रहालय आहेत. मला बर्गनमधली सगळ्यात पटणारी जागा तीच वाटते, कारण टोर्करोमबाहेर ओले मोजे घेऊन ताटकळताना मला नेहमी त्या पोरांची आठवण यायची.

मासळीबाजार बघा, तिथे जेवू नका. शाकाहारी असल्यामुळे तुम्ही त्या सापळ्यातून आपोआप सुटलात.

आणि झोडपून काढणारा पाऊस असेल तर स्टेशनाशेजारच्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. पैसे लागत नाहीत, ऊब आहे, खुर्च्या आहेत, कोणी "काय हवंय" म्हणून विचारत नाही. बाहेर जॅकेट झटका आणि मग आत शिरा, एवढा शिष्टाचार पाळा. संग्रहालयं दोन-तीन बघणार असाल तर बर्गन कार्डाचा, म्हणजे पर्यटकांच्या पासाचा, हिशेब करा. ट्राम-बस त्यात येते. एकच बघणार असाल तर ते परवडत नाही.

तंबूचा विचार कोणी डोक्यात घालेल. नॉर्वेत मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब, तंबू ठोकायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे हे खरं. ऑक्टोबरात बर्गनला तो हक्क बजावू नका. तुम्हाला तारखा बदलता येत असतील तर मे महिना घ्या, त्यातल्या त्यात कोरडा आणि दिवस लांब. मग तंबूबद्दल बोलू.

निघायच्या दिवसाचं एक राहिलं. परतीचं विमान स्वस्तातल्या कंपनीचं असेल तर केबिन बॅगेचं वजन बघतात, आणि ओले बूट, ओली पॅंट, ओला टॉवेल मिळून दोन किलो सहज वाढवतात. आदल्या रात्री आठच्या आत कपडे टोर्करोममध्ये टाका. दहानंतर तिथे दोरीवर जागा नसते.